पेंढ्याचं रेडकू

मोरी म्हशीची धार काढायची तर गोठ्यावरच्या सखाला आधी कोठीत जाऊन तिचं रेडकू आणावं लागे. दाव्याला धरून नव्हे, काखोटीला मारून. रेडकाच्या चारी पायांत बांबूच्या काठ्या होत्या आणि पोटात पलीकडच्याच शेतातला भाताचा पेंढा. सखा ते मोरीच्या तोंडापुढे उभं करी, मोरी त्याच्या पाठीवरून जीभ फिरवू लागे आणि थोड्या वेळात तिच्या सडांना दूध उतरे.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. रेडकू मेलं की म्हैस दूध चोरते, कासेतच धरून ठेवते. मग जुनी माणसं मेलेल्या रेडकाचं कातडं सोलत, मीठ-हळद लावून वाळवत, आत पेंढा भरून शिवत आणि धारेच्या वेळी म्हशीपुढे ठेवत. सखाच्या बापाने ते केलं होतं, आज्यानेही केलं होतं. आपण कुणाला तरी फसवतोय, हे त्यांच्यातल्या कुणाच्या मनाला शिवलं नसावं. डॉक्टर ऋतिकाच्या मनाला मात्र ते रोज शिवे, कारण तिची नोकरीच त्यावर उभी होती.

पळसदरीच्या धरणाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका खासगी संशोधन संस्थेचा गोठा होता. वर पत्रे, खाली कोबा, मोजक्या म्हशी, बाजूला पेंडीची आणि औषधांची कोठी. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी धरणावर जाताना गाडी थांबवून म्हशींबरोबर फोटो काढून घेत आणि नाकाला रुमाल लावत. उरलेले दिवस तिथे ऋतिका, सखा आणि म्हशी. ऋतिका मूळची लोधिवलीची, घरात पिढ्यान्‌पिढ्या भातशेती. प्राण्यांच्या मेंदूतली द्रव्यं त्यांना कसं वागायला लावतात, यावर तिने डॉक्टरेट केली होती. माहेरी सगळे कौतुकाने म्हणत, पोरगी एवढी शिकली आणि शेवटी म्हशींतच गेली.

तबेल्यांतून म्हशीला ऑक्सिटोसिन टोचून दूध ओरपतात, ते बंद व्हावं असं तिला मनापासून वाटे. तिचा प्रयोग वेगळा होता. म्हैस व्याली की तिच्या मेंदूत हेच ऑक्सिटोसिन उसळतं, आणि त्या थोड्या वेळात जो वास तिच्या नाकात जाईल तो तिच्या लेकराचा. एकदा ठसला की ठसला. ऋतिकाला बघायचं होतं की नाकात बारीकसा फवारा मारून ती वेळ पुन्हा आणता येते का, आणि आणली तर म्हशीला लेकरू म्हणून निदान किती लेकरू लागतं. आधी पूर्ण रेडकू ठेवायचं. मग डोकं नसलेलं, मग पाय नसलेलं. शेवटी नुसतं पेंढ्याचं पोतं आणि त्यावर तळहाताएवढं कातडं. पुण्याच्या तिच्या सरांना ही कल्पना इतकी आवडली होती की फोनवर ते तिला ‘अगंतुगं’ करू लागले होते.

आता मोरीचं रेडकू मेलं कसं, तेही सांगायला हवं.

ते नर होतं. गोठ्यात नर जन्मला की कुणी पेढे वाटत नाही. तरी ते चांगलं उड्या मारणारं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं रेडकू होतं. काही दिवसांनी त्याला हगवण लागली. सखा म्हणाला, “कर्जतास्न डाक्टरला बोलवू का? सलाईन लावलं तर उठंल.” उठेल हे ऋतिकालाही माहीत होतं. पण प्रयोगाला मोरीच्या स्वतःच्याच रेडकाचं कातडं हवं होतं, आणि अशी संधी चालून यायची वाट ती आणि पुण्याचे सर पावसाळ्यापासून बघत होते.

“आजचा दिवस बघू,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. त्या दुपारी रेडकू मान लांब करून मोरीच्या दिशेला सरकत राहिलं. दावं आखूड होतं. ऋतिका कोठीत बसून काम करत होती आणि तिला त्याचं रेकणं ऐकू येत होतं. हळूहळू आवाज बारीक झाला. सकाळी ती गोठ्यात आली तेव्हा सखा सुरीला धार लावत होता.

आपण त्याला मारलं नाही. हे वाक्य ती रोज स्कूटीवर स्वतःला ऐकवी. चौक मागे पडे, लोधिवली मागे पडे, मोहोपाड्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागत, तरी ते वाक्य काही पुरं पटत नसे.

मोहोपाड्यात कंपनीच्या कॉलनीत तिचं घर होतं. नवरा जितेश एका रसायनाच्या कारखान्यात पाळ्या करी. सासू सुंदराबाई दिवसभर नातीला सांभाळत. नातीचं पाळण्यातलं नाव काहीतरी आधुनिक होतं, पण आजी तिला आवडी म्हणे, म्हणून सगळेच आवडी म्हणत. आवडी अजून रांगायला लागली नव्हती.

ऋतिका लवकर कामावर रुजू झाली आणि तिचं दूध आटलं. हळूहळू नाही, नळ बंद करावा तसं. आवडी आधी रडली, मग बाटलीला सरावली, मग आजीला. आता संध्याकाळी ऋतिकाने तिला घेतलं की ती थोडा वेळ आईच्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळे आणि मान वळवून आजीला शोधू लागे. ऋतिका तिला छातीशी लावून बघे. आवडी तोंड लावी, सोडी आणि आईच्या चेहऱ्याकडे बघे. मग ऋतिका कुडता सारखा करून तिला आजीकडे देई.

“आगं, मनाला लावून घेऊ नको,” सुंदराबाई म्हणत. “माजं पन जितेशच्या टायमाला आटलं व्हतं. पावडर हाय ना, पोर काय उपाशी नाय.”

त्या प्रेमानेच बोलत, आणि ऋतिकाला ते प्रेमच सोसत नसे. हजार म्हशींचा पान्हा कागदावर मांडलेली बाई स्वतःच्या पोरीला थेंबभर दूध देऊ शकत नव्हती. आणि त्याच हाताने तिने एका आईपासून तिचं लेकरू दूर बांधून ठेवलं होतं. हे त्याचंच फळ, असं मानण्याइतकी ती भाबडी नव्हती. पण तसं वाटायचं थांबत नव्हतं.

भातकापणी उरकून शेतांतून भाऱ्यांच्या उडव्या रचल्या गेल्या तेव्हाची गोष्ट. थंडी पडू लागली होती. एका सकाळी सखा रेडकू घेऊन कोठीतून बाहेर आला तो दोन्ही हातांनी ते छातीशी धरून.

“म्याडम, यात अजून पेंढा भरलात का तुमी?”

“नाही. का?”

“जड लागतंय.”

“मोरी दिवसातून दोनदा चाटते, सखादादा. ओलं झालं असेल.”

“चाटून येवढं?” सखाने ते खाली ठेवलं आणि पाठ धरली. “माजंच वय झालं म्हनायचं.”

ऋतिकाने पेंडीच्या काट्यावर ते ठेवून बघितलं. खरंच जड होतं. तिने पोटाची शिवण उसवली. आतला पेंढा कोरडा ठणठणीत होता, हातात घेतला की कुरकुरत होता. तिने आणखी आत, कोपरापर्यंत हात घातला. तिथे ऊब होती.

ओला पेंढा कुजू लागला की तापतो. कधीकधी उडवीसुद्धा आपोआप पेटते, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको. पण हा पेंढा ओला नव्हता. तिने तो सगळा काढून टाकला, सखाने नवा भरला आणि तिने स्वतः शिवण घातली. दोन-तीन दिवसांत रेडकू पुन्हा जड झालं. कातडं एव्हाना वाळून कडक व्हायला हवं होतं. ते मऊ पडत चाललं होतं, बोटाने दाबलं की दबत होतं आणि पुन्हा वर येत होतं.

मग दुधाचं सुरू झालं. सकाळी सखा धारेला बसे तेव्हा मोरीची कास सैल पडलेली असे. सड ओले, त्यांवर फेस.

“धामन पीती,” सखा ठामपणे म्हणाला. “पायाला इळखा घालती नि पीती. माज्या चुलत्याच्या गोठ्यात आसंच व्हायाचं.”

“साप दूध पीत नाहीत हो.”

“मंग कोन पितंय?”

ऋतिका वळली. ती कोठीत गेली. रेडकू औषधांच्या फ्रिजशेजारी भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. मोरीजवळ ठेवलं तर ती त्याच्या पोटातला पेंढा ओढून खायची, म्हणून ते रोज इथे कुलपात राही. त्याच्या नाकपुडीच्या खाली पांढरं काहीतरी सुकलं होतं. तिने नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. दुधाचा आंबूस वास आला.

कुणाची तरी चेष्टा असणार. धरणावर येणारी पोरं काय वाटेल ते करतात. कोठीचं कुलूप तुटलेलं नव्हतं, किल्ली सखाच्या कंबरेला होती आणि सखा असल्या चेष्टा करणारा माणूस नव्हता, पण एवढ्या खोलात तिला शिरायचं नव्हतं. तिने प्रयोगाची पुढची पायरी अलीकडे ओढली. डोकंच नसलं म्हणजे तोंड ओलं व्हायचा प्रश्न मिटला.

सखाने पांढऱ्या ठिपक्याचं ते डोकं कापून वेगळं केलं, मानेचं तोंड सुतळीने शिवून टाकलं आणि डोकं गोठ्यामागे पुरलं. पुरून आल्यावर त्याने साबणाने हात धुतले, मग परत एकदा धुतले. मोरीने मानेचा बुंधा हुंगला, क्षणभर थबकली आणि जिथे कान असते तिथल्या हवेत जीभ फिरवली. मग खाली बुंधा चाटू लागली. दूध उतरलं, नेहमीपेक्षा जास्तच उतरलं. पुण्याच्या सरांनी फोनवर “वा!” म्हटलं.

सकाळी मोरीचे सड ओलेच असत. आता शिवलेल्या बुंध्याची सुतळीही ओली असे.

याच आठवड्यात ऋतिकाने तो फवारा स्वतःच्या नाकात मारला.

ही गोष्ट तिने फार विचार करून केली. दूध न उतरणाऱ्या आयांना असा फवारा एके काळी देत असत, हे तिने वाचलं होतं. किती मात्रा घ्यायची हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? औषध प्रयोगाचं होतं, थंडच ठेवावं लागे, घरी नेलं तर जितेशने शंभर प्रश्न विचारले असते. म्हणून निघण्याआधी तिने कोठीचं दार लोटून घेतलं, पेंडीच्या पोत्यावर बसली, मोबाइलवर आवडीचा हसण्याचा व्हिडिओ लावला आणि दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा घेतला. डोळे आवडीवर ठेवून ती बसून राहिली.

छातीत चमक निघाली. ती विसरूनच गेली होती ती चमक. मुंग्या आल्यासारखं झालं आणि कुडत्यावर दोन ओले डाग उमटले.

ऋतिका हसली, रडली, पुन्हा हसली. स्कूटी तिने त्या दिवशी कधी नव्हे इतकी पिटाळली. घरी पोचताच हातपाय धुऊन आवडीला उचललं, आत खोलीत नेलं. आवडीने तोंड लावलं, ओढलं आणि सोडून दिलं. मग तिने तसंच आईकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कोठीत पुन्हा दूध आलं, घरी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी तर ती फवारा घ्यायचंच विसरली होती. पेंडीचं माप घ्यायला म्हणून कोठीत शिरली, आणि कुडता पुढून ओला झाला. मोबाइल बाहेर पर्समध्ये होता.

ती तशीच उभी राहिली. हळूहळू तिला समजत गेलं. मोबाइलला वास नसतो. औषध मेंदूत भिनलं त्या वेळी तिच्या नाकात आवडीचा वास नव्हताच. कोठी होती, पेंड होती आणि हातभर अंतरावर भिंतीला टेकलेलं ते रेडकू होतं. म्हशीच्या नाकात कोणता वास कधी जावा यावर तिने आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली होती, आणि आपल्यालाही एक नाक आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी साधी चूक दुसऱ्या कुणी केली असती तर तिने कपाळाला हात लावला असता.

पण एवढं समजल्यावर गोष्ट संपायला हवी होती. मेंदूतलं रसायन, चुकलेली वेळ, चुकीचा वास. याला उपाय असतो. तिला घाबरवत होतं ते वेगळंच. तिला घरी जावंसं वाटेना. चौकच्या वळणावर तिचा जीव मागे ओढू लागला. कोठीत त्याला थंडी वाजत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ‘त्याला’ म्हणजे कुणाला हे तिने स्वतःला विचारलं नाही. घरी आवडी रडली की तिला तो आवाज शेजारच्या घरातला वाटे. एकदा सुंदराबाई म्हणाल्या, “पोर मगाधरनं रडतंय गं, तुला आयकू नाय का येत?” ऋतिका दचकून उठली. तिला ऐकू येत होतं. नुसतं ऐकू येत होतं, एवढंच.

त्या रात्री तिने ठरवलं, उद्या ते जाळून टाकायचं. प्रयोग गेला खड्ड्यात. आपली पोर आपल्याला परत हवी.

दुपारी सखा भाकरी खायला घरी गेला तेव्हा ती मोठी कात्री घेऊन कोठीत शिरली. बाहेर लख्ख ऊन होतं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडला होता. म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. मोरी तेवढी उभी होती, कोठीच्या दाराकडे तोंड करून.

ऋतिका खाली बसली आणि तिने रेडकू मांडीवर ओढून घेतलं. शिवण उसवायची, पेंढा काढायचा, कातडं दोन तुकडे करायचं. कपडे ओले झाले होतेच, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. कात्रीचं टोक तिने पोटाच्या शिवणीत घातलं.

पोट आत गेलं. कुणी गार हात लावल्यावर जातं, तसं.

तिने कात्री काढली. आपणच जोरात दाबलं असेल, ती स्वतःला म्हणाली. पुन्हा टोक लावलं.

तेव्हा मानेचा तो शिवलेला बुंधा उचलला गेला आणि तिच्या छातीवर आदळला.

रेडकं दूध उतरावं म्हणून कासेला ढुशी मारतात. ऋतिकाने ते शेकडो वेळा बघितलं होतं. एक ढुशी. मग थांबणं. मग जरा वर, जरा जोरात, दुसरी.

“नको,” ती म्हणाली. “अरे, नको.”

तिसरी ढुशी हळू होती. दमल्यासारखी. त्या दुपारी दाव्याला ताण देऊन ते जसं दमलं होतं, तशी.

“माझं चुकलं,” ऋतिका म्हणाली. “मी डॉक्टर बोलवायला हवा होता. माझं चुकलं रे, बाळा.”

तिने कात्री खाली ठेवली.

“म्याडम? जेवलात का?”

सखा दारात उभा होता. उन्हाचा गोल भिंतीवर चढून गेला होता. ऋतिका पोत्याला टेकून बसली होती, ओढणी गळ्याभोवती नीट लपेटलेली, आणि रेडकू तिच्या मांडीवर आडवं होतं. तिच्या कुडत्याला पेंढ्याच्या काड्या लागल्या होत्या. छाती हलकी, रिकामी झाली होती.

सखा आत आला. त्याने खाली मान घातली आणि रेडकू उचलायला वाकला. ते त्याला उचलवलं नाही.

“ऱ्हाऊ द्या हितंच,” तो पुटपुटला आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगीच झाडू लागला.

ऋतिका ओक्साबोक्शी रडली. आवडीच्या वाट्याचं दूध तिने दिलं होतं. कुणाला दिलं, हे मनातल्या मनात म्हणायचीही तिची छाती होईना. आवडी या वेळी आजीच्या मांडीवर पावडरचं दूध पीत असेल, आणि आपण इथे. एका लेकराला आपण पाहत असताना मरू दिलं आणि दुसऱ्याला जिवंतपणी सोडून आलो, असं तिला स्पष्ट वाटलं.

रडता रडता तिला ते सुचलं.

परकं रेडकू म्हशीच्या गळ्यात मारायचं असलं की मेलेल्याचं कातडं जिवंताच्या पाठीवर बांधतात. म्हैस हुंगते, आपलं म्हणते आणि पाजते. काही दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं. हे तिने स्वतः लिहिलेलं होतं, आकृती काढून.

तिने कात्री उचलली. या वेळी कुणी अडवलं नाही. पाठीचं मऊ कातडं तळहाताएवढं निघालं.

घरी आल्यावर तिने आवडीला खोलीत नेलं, दार लावलं आणि झबल्याच्या आत, पाठीवर तो तुकडा ठेवून वरून लंगोटाच्या फडक्याने बांधला. आपण काय करतोय ते तिला कळत होतं. हात थांबत नव्हते. आवडी कुरकुरली, मग गप्प झाली. ऋतिकाने तिला उचलून छातीशी घेतलं आणि खोल श्वास घेतला.

चमक निघाली.

आवडीने आधी डोकं मागे नेलं आणि आईच्या छातीवर आपटलं. परत एकदा आपटलं. मग तोंड लावलं आणि घटाघटा पिऊ लागली, मध्येच ठसकली, तरी सोडेना. ऋतिकाने डोळे मिटून घेतले. तिच्या आतला तो ओढणारा दोर एकदम सैल पडला. ही माझी, तिच्या मनात आलं, ही माझी, ही माझी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला तसं वाटलं.

सुंदराबाईंनी दार ढकलून डोकावलं आणि तोंडावर हात ठेवला. “आगं बया, आलं का नाय दूद! मी बोलले व्हते ना!” त्यांनी तिथूनच दोघींवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

जितेश कामावरून आला तेव्हा दोघी झोपायच्या बेतात होत्या. तो पलंगापाशी वाकला, लेकीच्या कपाळाला ओठ लावले आणि नाक आक्रसलं. “ऋतू, कसला वास येतोय गं हिला?”

“गोठ्याचा,” ती म्हणाली. “माझ्या कपड्यांना लागतो ना.”

आवडी गाढ झोपल्यावर तिने कातड्याचा तुकडा काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि स्कूटीच्या डिकीत टाकला. एकदाच, ती म्हणाली. आता वास ठसलाय, पुन्हा गरज नाही. मग ती आवडीला कुशीत घेऊन झोपली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी सखाचा फोन आला.

“म्याडम, मोरी त्याला वळखंना. पुडं ठेवलं तर लाथ घातली तिनं. दूद पन उतरलं नाय.” त्याने आवाज उतरवला. “आनी ते हलकं झालंय. येका हातात आलं. आतमदी नुस्ता पेंढा हाय, दुसरं कायच नाय.”

“जाळून टाका, सखादादा,” ऋतिका म्हणाली.

“खरंच जाळू?”

“जाळा. मी सरांना सांगेन.”

फोन ठेवून तिने मोठा सुस्कारा सोडला. संपलं होतं. आता एका तरी आईकडे तिचं लेकरू होतं. ती उठून बाहेर गॅलरीत आली. सुंदराबाई कोवळ्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी तेलाची वाटी, आणि नडग्यांवर उघडी आवडी पालथी. त्यांनी अजून तेलात बोट बुडवलं नव्हतं. त्या वाकून नातीची पाठ निरखत होत्या.

“ऋतिका, तू हिला न्हाऊ घातलंस का गं पहाटं?”

“नाही. का?”

“आगं, ही बघ. मानंपासून ढुंगनापरीत पाठ नुस्ती वली. घाम म्हनावा तर येवढी थंडी.” त्यांनी आवडीच्या मानेवरून बोट फिरवलं. “डोक्याचं केस पन सगलं येकाच बाजूला बसलंय, चपचपीत.”

ऋतिका जवळ आली. आवडीची पाठ उन्हात चमकत होती. बारीक लव खालून वर, खालून वर, एका वळणाने बसली होती, मोरीने चाटल्यावर रेडकाची बसे तशी. ऋतिकाने नीट निरखून बघितलं. दंड झाले होते, कंबर झाली होती, मान झाली होती. उजव्या कानामागे एवढीशी जागा मात्र कोरडी राहून गेली होती.

तिने दोन्ही हात पुढे केले.

“द्या इकडे,” ती म्हणाली.